थायलंडमध्ये कॉन्डो घेतोय, पण पैसे इथेच कमावलेले आहेत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको नऊ वर्षं बँकॉकमध्ये नोकरी करतोय. दोघांचाही पासपोर्ट भारतीय, वर्क परमिट आहे, पीआर (कायमचा राहण्याचा परवाना) नाही. भाड्याच्या घरांना कंटाळून शेवटी एक कॉन्डो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट) पसंत केला. लेकीची शाळा चालत दहा मिनिटांवर. तिनं तर आपलं टेबल कुठल्या खिडकीशी ठेवायचं तेही ठरवून टाकलंय.

परदेशी माणसाला इथे जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, कॉन्डो मात्र घेता येतो. इमारतीतल्या फ्लॅटांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, पण आमच्या इमारतीत कोटा शिल्लक आहे. तसं पत्र मिळतंय.

घोडं अडलंय पैशांपाशी. १९७९च्या कॉन्डोमिनियम कायद्याप्रमाणे, पीआर नसलेल्या आमच्यासारख्यांना रक्कम परकीय चलनात बाहेरून आणल्याचा बँकेचा कागद लँड ऑफिसात (मालकी नोंदवायच्या सरकारी कचेरीत) दाखवावा लागतो. आमची बहुतेक बचत इथल्या पगारातली, बाटमध्ये (थाई चलनात), इथल्याच बँकेत. कर भरलेला, घामाचा पैसा, तरी या कामाला तसाच चालत नाही. याचं फार वाईट वाटतं.

एजंट म्हणतो, थाई कंपनी काढून तिच्या नावावर घ्या. नावापुरते थाई भागधारक उभे करणं बेकायदा आहे, त्या वाटेला आम्ही जाणार नाही. त्याचा दुसरा पर्याय लीजचा, म्हणजे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा. पण लीज एका वेळी ३० वर्षांपर्यंतच नोंदवता येतं, आणि मालक बदलला तर पुढच्या मुदतवाढीचं आश्वासन टिकेलच असं नाही. मग आयुष्यभराची पुंजी त्यात कशी घालायची?

भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात थोडे पैसे आहेत, ते डॉलरमध्ये मागवून इथल्या बँकेत बाट करून घेऊ. उरलेली बचत आधी त्याच खात्यात पाठवून परत डॉलरमध्ये आणायची, असं कुणी केलंय का? बँकेनं किंवा लँड ऑफिसनं काही हरकत घेतली का? घर दोघांच्या नावावर हवंय, तर पैसे दोघांच्या नावानं वेगवेगळे यायला हवेत का?

वकील शोधतोय, पण स्वतः यातून गेलेल्यांचा अनुभव हवाय. आणखी एक: टोकन आम्ही इथल्या खात्यातून बाटमध्येच भरलंय. तेवढी रक्कम बँकेच्या कागदात कमी दिसली तर नोंदणी अडेल का? अडणार असेल तर विक्रेत्याशी आत्ताच बोलून टोकन परत घेतो आणि बाहेरून आलेल्या पैशातून पुन्हा भरतो. नोंदणी पुढच्या महिन्यात आहे.