मदत हवी आहे: जाऊबाईंचा वांग आणि मेडिकलमधली ट्यूब

धुऱ्यावरची:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातून लिहिते आहे. प्रश्न माझ्या मोठ्या जाऊबाईंचा आहे, त्यांना विचारूनच टाकते.

दुसऱ्या बाळंतपणात त्यांच्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आला. पोरगं आता अंगणवाडीत जायला लागलं, तरी तो गेला नाही. मधे बाजाराच्या दिवशी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चिठ्ठी मागितली नाही, काही नाही. "वांगावर द्या" म्हटलं की तिथे सगळ्यांना हीच मिळते. थोड्याच दिवसांत चेहरा एकदम साफ, आणि कापूस वेचाईच्या बायका पण नाव विचारून गेल्या. पण ट्यूब संपली की चेहरा लाल होतो, चुलीपुढे बसलं की आग आग होते आणि वांग पहिल्यापेक्षा काळा दिसतो. मग पुन्हा ट्यूब. आता गालांवर बारीक लाल शिरा दिसून राहिल्या आणि हनुवटीवर लव वाढली आहे. खोक्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन, मोमेटासोन अशी तीन नावं आहेत.

घरात ज्याचं त्याचं निदान. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, नणंदबाई म्हणतात लिव्हर बिघडलं. वरूडच्या मामेसासऱ्यांनी तर संत्र्याच्या सालीचं पोतंच पाठवतो म्हटलं, वाळवून दह्यात घासा म्हणे.

मला एवढंच सांगा, ट्यूब एकदम बंद करावी का? आणि सध्या वेचाई सुरू आहे, दिवसभर वावरात राहावं लागते. घामात सनस्क्रीनचा काही उपयोग होतो, की नुसता पैसा पाण्यात?

गोळीवाला वर्धा:
ताई, मी फार्मासिस्ट आहे, म्हणून आमच्याच धंद्याबद्दल बोलतो. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. अशी लावायची स्टेरॉइडं 2018 मध्ये शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरी काउंटरवरून सर्रास जातात, कारण गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते.

ट्यूब मुळातच वाईट नाही. वांगावर त्वचेचे डॉक्टरही हेच तीन घटक देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी, रात्री, फक्त डागावर, आणि मग बंद. महिनोन् महिने तोंडभर चोपडली की स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव येते, आणि सोडली की चेहरा पेटतो. तुम्ही लिहिलं ते सगळं त्यातच बसते. हायड्रोक्विनोन फार लांबवलं तर कधी कधी निळसर-काळे डाग पडतात, ते जाता जात नाहीत.

सोडायची तर आहेच, पण डॉक्टरला दाखवून. कोणी सौम्य औषधावर आणून सोडवतात, कोणी थेट बंद करून लाली-जळजळीचं औषध देतात. चेहरा शांत झाल्यावर वांगासाठी अॅझेलाइक अॅसिडसारखं काही, ते गरोदरपणातही चालते. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन मात्र दिवस राहिले तर नको.

लिव्हरचा काही संबंध नाही. कातडीतल्या रंग बनवणाऱ्या पेशी ऊन आणि संप्रेरकांमुळे जास्त काम करायला लागतात, आणि घराण्यात असेल तर लवकर. एक विचारतो, राग मानू नका. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू आहेत का?

धुऱ्यावरची:
हो भाऊ, माला-एन. आशाताईच देतात. त्याचं काय?

गोळीवाला वर्धा:
मग अर्धं उत्तर तिथेच आहे. त्या गोळीत इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक असते, त्यानं वांग वाढतो. ट्यूब एकीकडून आणि गोळी दुसरीकडून, असं चाललं होतं.

आशा पुसदकडची:
ताई, गोळी मनानं बंद करू नका, नाहीतर नको तेव्हा दिवस जातील. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिस्टरला सांगा. 'छाया' नावाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. नाहीतर तांबी आहे. कोणाला काय चालते ते तपासूनच देतात.

धाग्यावर इतर कोणी वाचत असेल तर एक सांगते. डाग काळा नसून फिका किंवा लालसर असेल आणि तिथं सुई टोचली तरी कळत नसेल, तर क्रीम-बीम काही न लावता पीएचसीत या. आपल्याकडे कुष्ठरोग अजून सापडतो. औषध मोफत आहे, आणि लवकर आलं तर हातापायाचं नुकसान होत नाही.

संत्रावाला:
आमच्याच बागेची साल आहे तरी सांगतो, चेहऱ्यावर घासू नका बावा. घासून कातडी सोलली की बरी होताना ती जागा अजून काळी पडते. लिंबू तर बिलकुल नाही. लिंबू लावून उन्हात गेलं की फोड येतात आणि डाग राहतात.

वेचाईवाली:
सनस्क्रीनबद्दल. आपण दुपट्टा नाकावरून बांधतो तेव्हा गालाची वरची हाडं आणि कपाळ उघडंच राहते, आणि वांग नेमका तिथंच. मी आता दुपट्ट्यावर रुंद काठाची टोपी घालते. सासरे हसले, हसू द्या. दुपट्टा जाड विणीचा, गडद रंगाचा घ्या. उजेडासमोर धरला तर आरपार दिसायला नको.

सनस्क्रीन घामात टिकत नाही हे खरं, म्हणून निघायच्या आधी आणि दुपारी भाकर खाल्ल्यावर तोंड धुऊन पुन्हा लावायची. दोन बोटांवर दोन रेघा, एवढी लागते. कमी लावली तर फुकट. एसपीएफ तीस-पन्नास असलेली, झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड लिहिलेली पाहा. आयर्न ऑक्साइडमुळे ती मातकट रंगाची असते, वांगाला तीच बरी, कारण नुसत्या उजेडानंही वांग वाढतो. आधी कानामागं लावून पाहा, जाऊबाईंचा चेहरा सध्या नाजूक आहे.

अकोलाकर:
बिनलेबलच्या डबीपासून सांभाळा. 2023 च्या सुरुवातीला बातमी होती, आमच्या अकोल्यातल्या एका मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला तोंडाच्या क्रीममुळे किडनीचा आजार झाला. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलनं क्रीम तपासली, तर पारा निघाला.

धुऱ्यावरची:
जाऊबाईंना सगळं वाचून दाखवलं. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवायचं ठरलं आहे. पीएचसीत आधी जाऊ, गोळीसाठी. किती दिवसांत फरक पडेल विचारतात.

गोळीवाला वर्धा:
महिने लागतील ताई, आणि उन्हाळ्यात पुन्हा डोकं वर काढेल. त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा त्याच मेडिकलवर जातील. ट्यूब आणि गोळीचं पाकीट दोन्ही सोबत न्या, डॉक्टर पहिले तेच मागतील.