इंदूर ते धुळे: जेवायला हायवेवर थांबायचं की गावात शिरायचं?

रामबागकर (धागा सुरू करणारे)

इंदूरहून नाशिक-पुण्याकडे मोटारीने जाणाऱ्यांसाठी हा विषय. माझं मत असं: इंदूरबाहेरचं राऊ सुटल्यापासून महाराष्ट्राच्या सीमेपर्यंत चौपदरी रस्त्याच्या कडेला जेवू नये. भूक लागली की बायपास सोडावा, जुन्या आग्रा रोडने गावात शिरावं आणि स्टँड, मंडी किंवा जुना बाजार यांच्या आसपास जेवावं.

हायवेवरच्या मालकाला ठाऊक असतं की समोर बसलेलं कुटुंब पुन्हा येणार नाही. सीमेअलीकडच्या सेंधव्याच्या बाजारातल्या भोजनालयात उद्याही तोच दुकानदार, तोच मास्तर, तोच हमाल येणार असतो. डाळीत पाणी वाढलं तर चार दिवसांत बाकं रिकामी होतात. बायपास झाल्यावर बाहेरची वर्दळ गावाबाहेरून जायला लागली. त्यानंतरही गावात जी खानावळ टिकली, ती गावकऱ्यांच्या जिवावर टिकली. कुठल्याही पाटीपेक्षा ही खूण मला मोठी वाटते.

गावात शिरल्यावर आधी घड्याळ बघा. सकाळी साडेनऊपर्यंत पोहे, अकरापर्यंत कचोरी, साडेअकरा ते दोन भोजनालयाची थाळी, पाचनंतर पुन्हा तळणाचं. गाव ज्या वेळी जे खातं तेच मागा. पोह्यांचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर बसवलेलं असेल आणि खालून वाफ येत असेल तर निर्धास्त खा. दाणा मऊ आणि मोकळा राहतो. ते नुसतंच परातीत झाकून ठेवलं असेल तर कडेचे पोहे दहापर्यंत चामट होतात, आणि वर कितीही जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), शेव, कांदा घातला तरी ते सुधारत नाहीत.

विचारायचं कुणाला हेही महत्त्वाचं. "इथे चांगलं कुठे मिळेल?" असं विचारलं की लोक मोटार बघतात आणि एसी असलेलं हॉटेल दाखवतात. पंक्चरवाला, औषधाच्या दुकानातला माणूस किंवा मंडीतला तोलाईवाला गाठा आणि विचारा, "तुम्ही स्वतः आज दुपारी कुठे जेवणार?" पेट्रोल पंपावर हा प्रश्न टाळा, कारण शेजारचा ढाबा बऱ्याचदा पंपमालकाच्याच नात्यातला असतो.

घाटवाट

रामबागकर, मत पटलं नाही. तुम्ही एकट्याने किंवा दोस्तांबरोबर जाणाऱ्या माणसाचा विचार करताय. मोटारीत सत्तरीची आई आणि पाच वर्षांचं पोर असेल तर हिशेब बदलतो.

गावात शिरायला वीस मिनिटं लागतात हे कागदावर. बाजाराचा दिवस असेल तर जुन्या रस्त्यावर दोन्हीकडे हातगाड्या आणि ट्रॅक्टर. मोटार लांब लावायची, आजींना चालवत न्यायचं, जेवून परत यायचं: पाऊण तास सहज जातो. स्वच्छतागृह नसतं, असलं तर त्याला कुलूप. गावातलं गिऱ्हाईक रोजचं असतं हे खरं, पण रोजच्या गिऱ्हाइकाला उधारी आणि कमी दरही हवे असतात. त्या दरात तेल रोज बदललं जात नाही.

मुख्य म्हणजे हायवेवर वाईट जेवण मिळतं ते चुकीचं मागवल्यामुळे. दीडशे पदार्थांच्या कार्डामागे स्वयंपाकघरात मुळात तीन ग्रेव्ह्या असतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू किंवा मगजबीची (खरबूज-कलिंगडाच्या सोललेल्या बियांची) पांढरी आणि हळद घातलेली पिवळी. त्या सकाळीच करून ठेवतात. कढई पनीर, पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी हे सगळं त्यांच्याच मिश्रणातून निघतं. म्हणून हे मागवायचं नाही. जे सतत विस्तवावर असतं ते मागवायचं. डाळ दिवसभर उकळत असते, फोडणी तुमच्यासमोर पडते. तंदुरी रोटी थेट भट्टीतून ताटात येते. डाळ फ्राय, तंदुरी रोटी, अख्खा कांदा आणि लिंबू, दोन्ही टेबलावर स्वतः कापायचं. एवढ्यात चार माणसं अर्ध्या तासात उठतात आणि कुणाचं पोट बिघडत नाही. अंड्याची भुर्जी चालत असेल तर तीही चांगली, कारण ती आधी करून ठेवताच येत नाही.

नकाशेवाला

भिया, दोघंही विसाव्या शतकात अडकलाय! हातात फोन आहे ना?

फक्त तो वापरायची रीत हवी. नकाशावर "रेस्टॉरंट" असं शोधलं तर जाहिरातवाले वर येतात. देवनागरीत पदार्थाचं किंवा खानावळीचं नाव टाका: "भोजनालय", "दाल बाफला", "कचोरी", सीमेपलीकडे "शेवभाजी". प्रवास सुरू करून मग वाटेवरचा शोध वापरला की तो तुमच्या रस्त्यालगतच्याच जागा दाखवतो आणि वळण घेतल्यास किती मिनिटं वाढतील तेही सांगतो.

मग अभिप्राय "नवीन आधी" असे लावा. तीस अभिप्रायांवरच्या ४.९ पेक्षा दोन हजारांवरचा ४.१ जास्त भरवशाचा. पाच तारेवाले सोडून तीन तारेवाले वाचा. "जेवण चांगलं पण बसायला जागा नाही" असं तिथेच सापडतं. एकाच आठवड्यात पाच तारांचा पाऊस पडला असेल तर मालकाने माणसं लावली असं समजा. फोटोंत मालकाने टाकलेले वेगळे दिसतात. गिऱ्हाइकाने काढलेलं ताट बघा, त्यात स्टीलची वाटी आणि अर्धी खाल्लेली रोटी असते.

आणि हे सगळं घाटाच्या आधी उरका किंवा नकाशा आधीच उतरवून घ्या. मानपूरच्या आणि सेंधव्यापुढच्या बिजासनच्या घाटात नेटवर्क दगा देतं.

रामबागकर

नकाशावर अभिप्राय देतो कोण? वाटसरूच. मंडीतला हमाल तारे देत बसत नाही. तुमच्या पद्धतीने हायवेवरच्या ढाब्यांची आपापसातली निवड होते. गावातली जी चार टेबलांची खानावळ मी म्हणतो ती तिथे असलीच तर अकरा अभिप्रायांवर पडून असते. "भोजनालय" असं देवनागरीत शोधायचा मुद्दा मात्र उपयोगाचा आहे.

घाटवाट, स्वच्छतागृहाची गाठ जेवणाशी घालूच नका. ते थांबे वेगळे करा. पेट्रोल पंपावर ती सोय ठेवणं पंपचालकाचं काम आहे, तिथे उरका. जेवायची जागा फक्त जेवणासाठी निवडा. हे एकदा केलं की निवड कितीतरी मोठी होते.

तिलकनगरची सुगरण

जागेवर एवढा वाद, पण अन्न किती वेळ कोमट राहिलं हे कुणीच विचारत नाही. पोट बिघडतं ते त्यामुळे.

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे किंवा ५ अंशांच्या खाली गार. मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात, मग ढाबा असो की गावातली खानावळ. सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे भात. सकाळी शिजवून पातेल्यात तसाच राहिलेला भात दुपारी चारला जिरा राईस म्हणून परतून येतो. त्यात तयार झालेलं एक प्रकारचं विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून दुपारी दोननंतर बाहेर भात नको. दुसरी हिरवी चटणी: ती शिजत नाही, पाणी नळाचं की टाकीचं कळत नाही, आणि ती दिवसभर टेबलावर असते. तिसरा कापून ठेवलेला कांदा. पावसाळ्यात या तिन्हींना सरळ नाही म्हणा.

तळणाचं खाताना कढईकडे बघा. पदार्थ बाहेर काढल्यावरही फेस बसत नसेल, तेल काळपट आणि दाट दिसत असेल, मंद आचेवरही धूर येत असेल, तर ते तेल संपलेलं आहे. तळणाच्या तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक) २५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते वापरायचं नाही असा आपल्याकडे २०१८ पासून नियम आहे. मोजायचं यंत्र आपल्याजवळ नसतं, पण फेस आणि धूर दिसतो.

भिंतीवर अन्नसुरक्षा विभागाचा १४ अंकी क्रमांक असतो. १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने सुरू होत असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. क्रमांक आहे म्हणून जेवण चांगलं असं होत नाही, पण तो लावण्याचीही तसदी ज्याने घेतली नाही त्याच्या टाकीचा भरवसा मी धरणार नाही.

घाटवाट

ताई, अगदी हेच. खळबळत्या डाळीचा आग्रह मी याचसाठी धरतो.

शिरपूरकर

इंदूरच्या मंडळींनो, धागा सगळा मालव्यातून लिहिला जातोय. रामबागकर सीमेपाशी थांबले ते बरं झालं, कारण बिजासन उतरून खानदेशात आलात की त्यांचा नियम लागूच पडत नाही. शिरपूर ते धुळे पट्ट्यात शेवभाजी हायवेच्या ढाब्यावरच खावी. तिथे धुळ्या-शिरपूरचे लोक गावातून मुद्दाम जेवायला येतात, म्हणजे रोजचं गिऱ्हाईक हायवेवरच आहे.

पण चांगली शेवभाजी ओळखता आली पाहिजे. रस्सा भाजलेल्या कांद्याचा, सुक्या खोबऱ्याचा, लसणाचा आणि काळ्या मसाल्याचा. टोमॅटोची आंबट लाल ग्रेव्ही आली तर ती शेव-टमाटर झाली, शेवभाजी नव्हे. शेव जाड आणि तिखट हवी. बारीक रतलामी शेव रश्श्यात लगेच विरघळते. आणि ती शेवटी पडली पाहिजे: दोन-तीन मिनिटांत ती रस्सा पिऊन फुगते, दहा मिनिटांत पिठलं होतं. म्हणून मागतानाच सांगा, "रस्सा आणि शेव वेगळी आणा." जो ढाबा हे ऐकून लगेच हो म्हणतो तिथे रस्सा ताजा आहे. जो "मिक्सच येते" म्हणतो तिथे पातेल्यात सकाळची भिजलेली शेव आहे. तर्री नको असेल तर तेही आधी सांगा. मुलांसाठी वरचं तेल काढून मिळतं.

हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी विचारा. भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली असतील तर तो वास लपत नाही. गॅसवर भाजलेल्यांना तो येत नाही. भाकरी मात्र मागितल्यावर थापतात, पंधरा-वीस मिनिटं धरून चाला.

रामबागकर

शिरपूरकर, हायवेवर गावचं गिऱ्हाईक येत असेल तर माझा नियम मोडत नाही, उलट तोच लागू पडतो. मी जागेपेक्षा गिऱ्हाईक बघतो. पार्किंगमध्ये स्थानिक क्रमांकाच्या दुचाक्या दिसल्या की तिथे थांबायला माझी हरकत नाही. ट्रक किती उभे आहेत यावर मात्र जाऊ नका. ट्रकवाला थांबतो ते जागा ऐसपैस, खाट, आंघोळीचं पाणी, पंक्चरचं दुकान आणि उधारी यांसाठी. जेवण त्यातलं एक कारण. आणि जिथे लांब पल्ल्याच्या बसेस ओळीने लागतात तिथे तर थांबूच नका. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण तिथे फुकट असतं आणि त्याची किंमत प्रवासी भरतात.

सीमेच्या अलीकडे मात्र मी ठाम आहे. हायवेवर "दाल बाफला" अशी पाटी दुपारी चारला दिसली तर पुढे जा. बाफला, म्हणजे कणकेचा गोळा, आधी उकळत्या पाण्यात शिजवून, निथळून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. तासाभरापेक्षा जास्त काम आहे. भोजनालयात तो एकदाच, दुपारच्या जेवणाच्या हिशेबाने होतो आणि संपतो. चारला मिळणारा पुन्हा तापवलेला असतो, वरून कडक आणि आत चिकट. शिवाय ज्याला पुढे दीडशे किलोमीटर चालवायचं आहे त्याने दोनाच्या वर बाफले खाऊ नयेत. तूप आणि झोप बरोबरच येतात.

नकाशेवाला

झाबुआ-दाहोदकडे जाणाऱ्यांसाठी एक भर. दाल-पानिया वाटेत थांबून लगेच मिळेल असं धरू नका. मक्याचं पीठ पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. बरेच लोक ऑर्डर आल्यावरच आग पेटवतात. धार सोडताना फोन करून माणसं आणि वेळ सांगा.

घाटवाट

जागेवर आपलं जमणार नाही, पण वेळेवर जमेल. इंदूर ते सेंधवा सुमारे दीडशे किलोमीटर, तीन तास. सहाला निघालात तर नऊला सेंधवा: तेव्हा रामबागकरांचे पोहे मिळतील, थाळी नाही. नऊला निघालात तर बाराला पोचाल, तेव्हा मीसुद्धा गावातल्या भोजनालयात जायला तयार आहे, बाजाराचा दिवस नसेल तर. साडेदहा-अकराला निघणाऱ्यांनी सेंधव्याच्या थाळीचा नाद सोडावा, दोननंतर तिथे पोळ्या थांबतात. त्यांनी घरून डबा खाऊन निघावं, सेंधव्यात चहाच घ्यावा आणि चारच्या सुमाराला शिरपूरपुढे शेवभाजी.

लहान मुलं असतील तर आणखी एक. बिजासनच्या वळणांआधी त्यांना पोटभर देऊ नका. सेंधव्यात केळं किंवा कोरडी पोळी, आणि जेवण घाट उतरल्यावर.

शिरपूरकर

चारला नको. तेव्हा भट्टी थंड असते आणि दुपारचा रस्सा उरलेला असतो. साडेसहानंतर नवा रस्सा चढतो. चारला पोचणार असाल तर धुळ्यापर्यंत जा आणि तिथे संध्याकाळी जेवा.