बंद काचेपेक्षा कोनाडा बरा

काचेचं कपाट घट्ट बंद ठेवलं की आतलं बाहुलीघर सुरक्षित राहतं, असं म्हणतात; ते धुळीपुरतं मान्य. पण आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की बंद कपाटात बुरशी धरते. माझ्याकडच्या गोकाकच्या लाकडी, शोभेच्या फळांवर एकाच पावसाळ्यात पांढरे ठिपके आले, रंगही सुटला. फार वाईट वाटलं. तेव्हापासून कपाटाच्या पाठीला वर-खाली दोन भोकं पाडून बारीक जाळी लावली आहे, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असतात.

आजीची पितळी भातुकली मात्र मी जुन्या घराच्या कोनाड्यातच मांडते. चूल, पाटा-वरवंटा, तांब्या, खाली शेणाने सारवलेली फळी. मापाचा मेळ तेवढा सांभाळावा लागतो. बाहुलीघराचं नेहमीचं प्रमाण १:१२, म्हणजे एक फुटाला एक इंच. भातुकलीचा तांब्या त्या घरात ठेवला तर पिंपासारखा दिसतो, म्हणून दोन्ही वेगळी मांडा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळेही सणानंतर खोक्यात कोंबू नका; जिन्याच्या कठड्यालगत पायरी-पायरीने उभे केले की चढाई सुरू आहे असंच वाटतं.