दिवाळीत घर बंद ठेवून कोकणात : कामाच्या साइट्स कोणत्या, निघण्याआधी काय तपासायचं?

चाफा :
लक्ष्मीपूजन पुण्यात घरी, आणि पाडव्याला पहाटे गाडीने, ताम्हिणी-माणगाव वाटेने, दापोली-हर्णे. सोबत सासू-सासरे आणि दोन लहान मुलं. परतताना सासू-सासऱ्यांना खेडहून रेल्वेने मुंबईला पाठवायचा विचार आहे. घर आठवडाभर बंद राहील. तिकीट, खोली, फास्टॅग यांच्या खऱ्या साइट्स ओळखायच्या कशा? आणि वीज, गॅस, बाल्कनीतल्या माळा यांचं निघताना काय करावं? "काळजी घ्या" सोडून नेमकं सांगा, प्लीज.

रूळबदल :
रेल्वेपुरतं सांगतो. तिकीट आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन किंवा रेलवन ॲपवर. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं), त्यामुळे दिवाळीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांतच वेटिंगवर जातात. तत्काळ आदल्या दिवशी : एसी सकाळी १० ला, स्लीपर ११ ला. ही आदली तारीख गाडी जिथून सुटते तिथली धरतात, तुम्ही जिथे चढता तिथली नाही. केरळकडून येणारी गाडी खेडला दुसऱ्या दिवशी पोचत असेल, तर इथेच लोक एक दिवस चुकतात. जुलै २०२५ पासून आधार जोडलेलं नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. ते जोडायचं काम आजच करून टाका, त्या सकाळी ओटीपीची वाट बघत बसू नका.

ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर आपोआप रद्द होतं आणि पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत येतात. "रिफंडसाठी लिंक उघडा" असा फोन आला तर तो रेल्वेचा नाही. आयआरसीटीसीचा मदत क्रमांक १४६४६, प्रवासातली अडचण १३९.

आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक संपून नेहमीचं सुरू होतं ते याच दिवसांत. तिकिटावरची वेळ गृहीत धरू नका, निघायच्या दिवशी एनटीईएसवर (गाडी कुठे पोचली ते दाखवणारी रेल्वेची साइट) गाडी नंबर टाकून बघा. खेडला गाडी दोनच मिनिटं थांबते असं समजून डबा कुठे येतो ते आधी विचारून ठेवा, ज्येष्ठांना फलाटभर पळवू नका.

खासगी बस घेणार असाल तर : राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त आकारता येत नाही. जास्त घेतलं तर तिकिटाचा फोटो ठेवून आरटीओकडे तक्रार करा. दिवाळीत हे सर्रास चालतं आणि तक्रार कोणी करत नाही.

कीबोर्ड_काका :
साइट्सची यादी पाठ करण्यापेक्षा पत्ता वाचायला शिका. सुरुवातीच्या "एचटीटीपीएस"पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून पत्त्यात पुढची पहिली तिरपी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचायचं. शेवटी "डॉट गव्ह डॉट इन" असेल तर साइट सरकारी. "गव्ह"च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल (काहीतरी-गव्ह डॉट इन) तर ती कोणीही काही शे रुपयांत घेतलेली असू शकते. "डॉट सीओ डॉट इन", "डॉट कॉम", "डॉट ऑर्ग"सुद्धा कोणालाही मिळतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कुलपाचं चिन्हही नाही. ते एवढंच सांगतं की मधल्या मध्ये कोणी वाचत नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर कुलूप त्याच्याच दाराला.

अडचण अशी की काही खऱ्या साइट्सचे पत्तेही विचित्र असतात. म्हणून एसटीचं तिकीट काढताना गुगलवर शोधू नका, महामंडळाच्या महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इनवाल्या साइटवर जाऊन तिथल्या दुव्यावरून बुकिंगचं पान उघडा. बँकांचं आता सोपं झालंय : रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत देऊन बँकांना "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर हलवलंय. तो पत्ता नोंदणीकृत बँकेशिवाय कोणाला मिळत नाही.

खोल्यांमध्ये सगळ्यात जास्त लोक फसतात. भक्तनिवास आणि समुद्राकाठची रिसॉर्ट्स यांच्या नावाने बनावट पानं दिवाळीच्या तोंडावर उगवतात, आणि "प्रायोजित" म्हणून शोधनिकालात सर्वांत वर दिसतात. तीन तपासण्या करा. एक, हूइजवर (साइटच्या पत्त्याची नोंदणी दाखवणारी सोय) डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कधी नोंदवलं ते पाहा. "२० वर्षांची परंपरा" सांगणाऱ्या हॉटेलचं डोमेन दोन महिन्यांपूर्वीचं असेल तर तिथेच थांबा. दोन, साइटवरचा नंबर न घेता नकाशावरच्या जुन्या, फोटोंसह असलेल्या अभिप्रायांशी नाव-पत्ता जुळवा. तीन, पैसे भरताना यूपीआयवर दिसणारं नाव. हॉटेलचं किंवा ट्रस्टचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं तर मागे फिरा. घरगुती न्याहारी-निवासात मालकाचं वैयक्तिक नाव येऊ शकतं, तिथे आधी व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा. खरा माणूस दाखवतो.

फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष) फक्त राजमार्गयात्रा ॲप आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या साइटवर मिळतो. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती आणि समृद्धीवर नेहमीसारखेच पैसे कापले जातात, तेव्हा फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा. तुमच्या ताम्हिणी-माणगाव वाटेला त्याचा फारसा उपयोगही नाही. महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

एसएमएसचं एक : पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता आडवी रेघ आणि एक अक्षर असतं. सरकारी असेल तर "जी", जाहिरात असेल तर "पी". "आज रात्री वीज तोडणार", "पार्सलचा पत्ता अपुरा", "तुमचं चलन थकलंय" असे मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आले तर सरळ पुसा. त्यातली ".एपीके" फाइल तर उघडूच नका. ती एकदा बसली की तुमचे ओटीपी परस्पर पुढे जातात.

तरी पैसे गेलेच तर आधी १९३० (सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक), मग बँक, मग घरच्यांशी चर्चा. फोन करताना हाताशी ठेवा : यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, आपला खाते क्रमांक, समोरच्याचा यूपीआय पत्ता. पैसे चोराच्या पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात, एटीएममधून निघाले की संपलं. तक्रार क्रमांक मिळाल्यावर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर ती पूर्ण करावी लागते, हा भाग बरेच जण विसरतात.

चाफा :
काका, हूइजचं माहीतच नव्हतं. बघितलेल्या दोनपैकी एक साइट सप्टेंबरमध्ये नोंदवलेली निघाली. वीज आणि गॅसचं कोणी सांगेल का? कंदील लावूनच जावं असं सासूबाईंचं म्हणणं आहे.

फेज_न्यूट्रल :
लावा, पण कागदी कंदिलात जुना ६० वॅटचा बल्ब नको. ७ किंवा ९ वॅटचा एलईडी पुरतो आणि कागद तापत नाही. अंधार पडला की आपोआप लागणारा सेन्सर बल्ब घेणार असाल तर तो कंदिलाच्या आत नीट चालत नाही. स्वतःचाच परतणारा उजेड त्याला दिवस वाटतो आणि तो रात्रभर उघडझाप करतो. तो बल्ब दाराबाहेरच्या उघड्या होल्डरला लावा, घरात कोणी आहे असंही वाटतं.

माळा मात्र काढून जा. भार हा मुद्दाच नाही. एलईडी माळ जेमतेम काही वॅट घेते आणि ६ ॲम्पियरचा सॉकेट साधारण १,४०० वॅट पेलतो. बिघडतं ते लोखंडी ग्रिलवर : पातळ वायर ग्रिलच्या धारेवर घासते, इन्सुलेशन कापलं जातं, त्यात ऑक्टोबरचा एखादा परतीचा पाऊस, आणि सबंध ग्रिलमध्ये करंट. पुढच्या वर्षी अडॅप्टरवाली, कमी व्होल्टेजची माळ घ्या. जोड उघड्यावर, नुसत्या चिकटपट्टीवर सोडू नका.

निघताना डीबीवर (घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीवर) आरसीसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा. ते खटकन पडलं पाहिजे. पडलं नाही तर ते शोभेचं आहे, बदलून घ्या. फ्रिज आणि कंदिलाचे एमसीबी (पेटीतले छोटे स्विच) चालू, बाकी खाली. आणि इन्व्हर्टर वेगळा बंद करा! त्याचा एमसीबी खाली केला की वीज गेली असं समजून तो बॅटरीवर घर चालवतो आणि परत येईपर्यंत बॅटरी निकामी.

बाल्कनीतली खोकी, वाळत घातलेले कपडे, जुनी रद्दी आत घ्या, खिडक्या लावा. दिवाळीत बाहेरून आलेल्या रॉकेटनेही बंद घरात आग लागू शकते.

शेगडी :
गॅस फक्त शेगडीच्या बटणावर बंद करू नका. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. परतल्यावर वास आला तर स्विचला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दार सताड उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

वॉर्ड_सिस्टर :
मुलं आहेत म्हणून. भाजलं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. सूज यायच्या आधी अंगठी-बांगडी काढा. डोळ्यात फटाक्याचा कण रुतला असेल तर चोळू नका, दाबून बांधूही नका. वरून कागदी कप धरून थेट दवाखाना. विझलेला वाटणारा फटाका परत पेटवायला जायचं नाही, लांबूनच पाणी ओता. पणत्या-मेणदिवे एकमेकांना चिकटून मांडू नका, मेण तापून सगळंच पेट घेतं आणि त्यावर पाणी टाकलं तर भडका उडतो.

खाडीकाठ :
समुद्राचं कोणीच बोललं नाही. पाडवा म्हणजे अमावास्येच्या लगेच नंतर, म्हणजे उधाण. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. जुना हिशेब : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पाडव्याला पाऊण, भाऊबीजेला दीड, दुपारीही आणि रात्रीही. हा मुंबईचा अंदाज, हर्णेला थोडं आधी धरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी.

म्हणजे दुपारी जेवून दोन-तीनला मुलांना पाण्यात न्यायची जी वेळ, तेव्हाच पाणी जोरात बाहेर ओढत असतं. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी तर अजिबात नको. किनाऱ्यावर जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी गडद, शांत दिसतं ती जागा सुरक्षित नसते, तिथूनच ओढ असते. कोणी ओढलं गेलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं. मुलं गुडघाभर पाण्यापलीकडे नकोत. सुवर्णदुर्गाच्या होडीत लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते चढण्याआधी विचारा.

लाटांचा इशारा इन्कॉइस डॉट गव्ह डॉट इनवर, पाऊस-वादळाचा हवामान विभागाच्या मौसम साइटवर. कर्दे-मुरुडला गाडी वाळूत उतरवू नका. ओहोटीला कडक दिसणारी वाळू भरती आली की चाकाखालून सरते, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं.