गरुड सांगितला, निघाला धनेश! पक्ष्यांची गावठी नावं नोंदीत घ्यावीत का?

माळावरचा

सरळ मुद्द्यावर येतो. पक्ष्यांची गावोगावची नावं ऐकायला गोड असतात, पण नोंदीत ती नकोत. एका पक्ष्याला एकच प्रमाण मराठी नाव ठरवावं आणि यादीत, बातमीत, शाळेच्या पुस्तकात तेच वापरावं.

हे सुचायला कारण माझीच फजिती. मागच्या फेब्रुवारीत दोडामार्गकडे गेलो होतो. एका राईजवळ आजोबा भेटले. इथे काय काय दिसतं विचारल्यावर म्हणाले, "गरुड आसा थंय. ढोलीत घर करता, दर वर्सा." वहीत 'गरुड' लिहिलं. घरी आल्यावर, तिथे सर्पगरुडच असणार असं ठरवून ऑनलाइन यादीत तो भरला आणि मोकळा झालो. महिनाभराने मित्र त्याच झाडाखाली उभा राहिला, तर वर महाधनेश! पिवळीधमक चोच आणि तिच्यावर शिंगासारखा टोप. कोकणात बऱ्याच ठिकाणी त्यालाच गरुड म्हणतात, हे तेव्हा कळलं. नोंद काढून टाकावी लागली, आणि आता माझ्या बाकीच्या नोंदींकडेही मंडळी भुवई उंचावून बघतात.

हा एकच घोळ नाही. आपला भारद्वाज म्हणजे तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कुंपणातून 'कूप कूप' घुमणारा. त्यालाच कुणी सोनकावळा म्हणतं, कुणी कुंभारकावळा, कुणी कुक्कुडकोंबा. अमरकोशात भरद्वाज म्हणजे व्याघ्राट, आणि संस्कृत कोश त्याचा अर्थ चंडोल असा देतात. एक कावळ्याहून थोराड, दुसरा चिमणीहून जरासा मोठा. दसऱ्याला 'नीलकंठाचं दर्शन शुभ' अशा बातम्या येतात, त्यातला पक्षी आपला नीलपंख असतो. हिंदीतलं नाव उचललं, झालं. त्याचा गळा निळा नाहीच, तपकिरी-जांभळट आहे. निळे आहेत ते पंख. खरोखर निळ्या गळ्याचा चिमुकला पाहुणा हिवाळ्यात येतो, त्याला मराठी पुस्तकांत शंकर म्हणतात. आता 'नीलकंठ दिसला' या नोंदीतून कुणी काय समजायचं?

तिठ्यावरून

आजोबांनी 'ढोलीत' सांगितलं होतं ना? गरुड कधी ढोलीत घरटं करताना पाहिलाय? तो उंच झाडाच्या बेचक्यात काटक्यांचा माच रचतो. ढोलीत बसते ती धनेशाची मादी. आत शिरून तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून तिला भरवतो. आजोबांनी तुम्हाला अर्धी ओळख सांगितली, तुम्ही त्यातला एकच शब्द टिपून घेतला. घोळ नावाने नाही घातला.

आमच्या वाडीत मोठा तो गरुड आणि काळा-पांढरा लहान तो ककणेर. दोघांना वेगळे, सुटसुटीत शब्द. पुस्तकात दोघेही धनेशच, पुढे फक्त विशेषणं चिकटवलेली. कोण नेमकं बोलतंय?

माळावरचा

ढोली हुकली, कबूल. कान पकडतो. पण माझी नोंद जो वाचणार, त्याला आजोबा भेटणार नाहीत. त्याच्या हातात तो एक शब्दच असणार.

खडूफळा

प्रमाण नाव ठरलं की घोळ मिटतो, हा भ्रम आहे. इंग्रजांनी भारद्वाजाला 'क्रो-फेझंट' म्हणून ठेवलं होतं. तो ना कावळा, ना फेझंट (रानकोंबड्याच्या जातकुळीतला पक्षी). कोकिळेच्या कुळातला आहे, फक्त घरटं स्वतःचं स्वतः बांधतो. खंड्याची आधी छाती पांढरी होती, नवीन इंग्रजी नावात ते पांढरेपण गळ्यावर गेलं. पक्षी आहे तिथेच, तारेवर. शास्त्रीय नाव तरी पक्कं म्हणावं, तर आपला साधा होला स्ट्रेप्टोपेलिया होता, तो आता स्पायलोपेलिया झाला. एवढ्या वेळात खेड्यातल्या म्हातारीने होल्याला होलाच म्हटलंय.

दुपारची_झोप

इथे सगळे लोकनावांत ज्ञान शोधतायत म्हणून एक खडा. सुगरण! खोपा विणतो नर, नाव मिळालं बाईचं. कोकिळेचंही तेच. 'कुहू' करतो कोकीळ, आणि गाण्याचं कौतुक कोकिळेला. वेडा राघू ना राघू, ना वेडा. उडती माशी हवेत गपकन पकडून परत त्याच तारेवर येऊन बसणाऱ्याला वेडा म्हणायचं? मी धागाकर्त्याच्या बाजूने.

तिठ्यावरून

सुगरणीपुरतं बोलते. नर अर्धा खोपा विणून झाल्यावर पंख फडफडवत बसतो. मादी येऊन आत-बाहेर बघते, पसंत पडला तर पुढचं काम, नाही तर तो खोपा तसाच लोंबकळत राहतो. दर विहिरीवर असे टाकलेले अर्धे खोपे दिसतात. मान कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

खपली_गहू

सोलापूरकडचा शेतकरी. आमच्याकडे टिटवी म्हणजे टिटवी. यादीत 'लाल गाठीची टिटवी' वाचून बायको म्हणाली, हिला डॉक्टरला दाखवलं का?

पण एका बाबतीत मी धागाकर्त्यासोबत. पलीकडच्या गावात जुनी माणसं माळढोकाला 'हूम' म्हणायची, नर घुमतो त्या आवाजावरून. नान्नजचं अभयारण्य 1979 मध्ये झालं, पाटीवर माळढोक आलं. नवीन पोरांना हूम कळत नाही आणि म्हाताऱ्यांना पाटी वाचता येत नव्हती. "हूम दिसतो का?" असं कुणी विचारलंच नाही, तर ते काय सांगणार? त्यामुळे प्रमाण नाव लिहा, पण खाली जुनं नावही लिहा, गावासकट.

पाऊसवेडी

चातक आणि पावशाबद्दल कुणीच बोलेना? पावशा म्हणजे 'पेरते व्हा' ओरडणारा, करड्या रंगाचा, पटकन शिक्रा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी, वाटावा असा. चातक काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेहून येतो. हिंदीत चातक म्हणजे पपीहा आणि पपीहा म्हणजे पावशा. त्यामुळे हिंदी गाण्यांवर वाढलेल्या माझ्या मुलाला दोन्ही एकच. अंडी दोघेही सातभाईंच्याच घरट्यात घालतात, तेव्हा सातभाईंचाही गोंधळ होत असेल म्हणा.

माळावरचा

खपली_गहू यांचं पटलं. यादीत प्रमाण नाव, शेरा रकान्यात गावचं नाव, गाव आणि सांगणाऱ्याचे मूळ शब्द, ढोलीसकट. पण मुख्य रकान्यात गावठी नाव नको, यावर मी अजून ठाम आहे.

आणि 'तिठ्यावरून', तुम्हाला एक शंका. धनेशाला गरुड म्हणता, मग खऱ्या गरुडाला काय म्हणता?

तिठ्यावरून

घार. फारच मोठा असला तर मोठी घार. आता हसू नका.