कापडी सीटवर कटाची आमटी सांडली आहे, हळदीचा डाग आणि वास काढण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

होळीच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून सांगलीला परतताना पेठ नाक्याच्या वळणावर कटाच्या आमटीचा डबा मागच्या सीटवर कलंडला आणि झाकण सैल असल्यामुळे पाव लिटरभर आमटी फिक्या राखाडी कापडात मुरली. गाडी वडिलांची आहे. निवृत्तीनंतर हौसेने घेतलेल्या या गाडीत त्यांनी आजवर बिस्किटाचा चुरासुद्धा राहू दिलेला नाही. मला ते काहीच बोलले नाहीत, त्यांनी गुपचूप त्या डागावर टॉवेल अंथरला, आणि तेच मला फार लागले आहे.

घरी पोहोचल्यावर मी ओल्या फडक्याने डाग चोळला, ही माझी पहिली चूक झाली, कारण टिपून घेण्याऐवजी चोळल्यामुळे तो आणखी पसरला. दुसऱ्या दिवशी कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी लावले, तेव्हा पिवळा डाग बघता बघता लालसर तपकिरी झाला आणि मी घाबरले. शेजारच्या काकूंनी समजावले की हळदीला चुना लागला की जसे कुंकू होते, तसाच हा प्रकार आहे, साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. साध्या पाण्याने तीन-चार वेळा टिपल्यावर डाग खरोखरच पुन्हा पिवळा झाला. म्हणजे एवढ्या खटाटोपात तो गेला नव्हता, फक्त त्याचा रंग बदलला होता.

हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळतो, आणि कटावर तेलाचा तवंग होताच. म्हणून भांड्यांच्या लिक्विडचा थोडा फेस लावून लगेच ओल्या फडक्याने टिपला, त्याने तेलकटपणा बराच कमी झाला. लग्नातल्या हळदीचे कपडे उन्हात वाळवले की त्यांचा पिवळेपणा उतरतो, हे आठवून दोन दुपारी गाडीचे दार उघडे ठेवले. जिथे थेट ऊन पडले ती कडा फिकट झाली आहे, पण पाठीकडच्या भागापर्यंत ऊन पोहोचत नाही.

वास ही त्याहून मोठी अडचण आहे. डाळीचे पाणी आणि खोबरे खालच्या फोममध्ये उतरून आंबले असावे, कारण दुपारी बंद गाडीचे दार उघडले की आंबूस भपकारा येतो. एका वॉशिंग सेंटरवर सीट धुऊन घेतली, पण त्यांनी ती ओलीच परत दिली. आता डागाभोवती पाण्याचे वर्तुळ उमटले आहे आणि वासही वाढला आहे.

मागच्या सीटची बैठक घरी सोडवून गच्चीवर उन्हात ठेवता येते का, आणि तिचे कापड फोमपासून वेगळे करून धुतल्यास ते आटते का, हे कोणी स्वतः केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे. वासासाठी सगळे खाण्याचा सोडा भुरभुरायला सांगतात, परंतु सोडाही क्षारच असल्यामुळे दमट कापडावर हळद पुन्हा लाल होईल अशी मला भीती वाटते. त्याऐवजी पातळ केलेला व्हिनेगर चालेल का? ब्लीच वापरण्याचा सल्लाही मिळाला आहे, पण त्याने सीटचा मूळ रंगच उडेल, म्हणून ते मी वापरणार नाही.

सांगली-मिरजेत सीट उघडून फोम पूर्ण वाळवून देणारा सीट कव्हरवाला किंवा कुशनवाला कोणाच्या माहितीत असल्यास तेही कळवावे. उत्तर मिळेपर्यंत सीटला आणखी पाणी लावणार नाही.