सिव्हिलायझेशन ६: अन्न शिल्लक असूनही शहराची वाढ खुंटली आहे

प्रश्न:
नमस्कार. मी सिव्हिलायझेशन ६ हा साम्राज्य उभारण्याचा संगणक खेळ स्टँडर्ड वेगावर भारत घेऊन खेळत आहे. माझे दुसरे शहर गवताळ सपाटीवर असून जवळ नदी नाही आणि समुद्रही नाही. लोकसंख्या ५ आहे, ग्रॅनरी (धान्याचे कोठार) बांधून झाली आहे, तीन शेते आहेत आणि उरलेले दोन नागरिक जंगलाच्या टाइलवर (नकाशाच्या चौकटीवर) काम करतात. दर टर्नला (खेळीला) ६ अन्न शिल्लक राहते, तरीही सहाव्या नागरिकाला ३७ टर्न लागतील असे खेळ दाखवतो. आणखी शेते करावीत का?

प्रतिसाद १:
शेते वाढवून फारसा फरक पडणार नाही, कारण तुमची अडचण अन्नाची नसून हाऊसिंगची, म्हणजे शहरात किती लोक मावतात याची आहे. गोड्या पाण्यावर वसलेल्या शहराला मुळात ५ हाऊसिंग मिळते, किनाऱ्यावर ३ आणि पाणीच नसेल तर केवळ २. त्यात ग्रॅनरीचे २ आणि प्रत्येक शेताचे अर्धे मिळवले की तुमचा आकडा ५.५ होतो. लोकसंख्या आणि हाऊसिंग यांतले अंतर एकाच्याही खाली गेले की शिल्लक अन्नापैकी चौथा हिस्साच वाढीसाठी धरला जातो. म्हणजे ६ मधले दीडच कामी येते, आणि पाचावरून सहावर जायला ५५ अन्न लागते, म्हणून ३७ टर्न. शहराला लागून, आणि डोंगराच्या किंवा तळ्याच्याही शेजारी, अशी जागा सापडली, तर तिथे पाणी आणणारा कालवा, म्हणजे अ‍ॅक्विडक्ट बांधा. पाण्याविना असलेल्या शहराचे मूळ हाऊसिंग त्याने २ वरून ६ होते, आणि तो डिस्ट्रिक्टच्या (शहरातल्या खास विभागांच्या) लोकसंख्येनुसार ठरणाऱ्या मर्यादेतही मोजला जात नाही.

प्रतिसाद २:
अ‍ॅक्विडक्ट उत्तमच, पण तो उभा राहीपर्यंत बरेच टर्न जातात, आणि तुमच्या हाती तर बारव आहे! भारताची ही खास सोय बिल्डरच्या (बांधकाम करणाऱ्या पथकाच्या) एका चार्जमध्ये, म्हणजे एका कामात होते. इरिगेशन (सिंचन) हे तंत्र मात्र शिकलेले हवे. एका टाइलवरचे जंगल तोडून तिथे, शेताला लागून, बारव बांधा: एक हाऊसिंग, एक अन्न, आणि शेजारच्या शेतामुळे आणखी एक अन्न. हाऊसिंग ६.५ झाले की अंतर दीडचे होते आणि निम्मे अन्न वाढीला लागते. शिल्लक ६ ची ८ होते, त्यातले ४, म्हणजे ३७ ऐवजी १४ टर्न. टेकडीवर बारव बांधता येत नाही आणि दोन बारवा एकमेकींना लागून चालत नाहीत, तेव्हा दुसरीची जागा आत्ताच राखून ठेवा. आपल्या गावोगावच्या बारवांना या खेळात पाणी आणि वस्ती या दोन्हींचे मोल दिले आहे, याचे मला मनापासून समाधान वाटते.

प्रतिसाद ३:
वरील दोन्ही सल्ल्यांशी सहमत आहे, तरी शहर किती मोठे हवे हेही ठरवावे. ७ लोकसंख्येला तिसरा डिस्ट्रिक्ट मिळतो, म्हणून तिथवर जरूर न्या. मात्र सातव्या नागरिकासाठी तिसरी सुखसोय, म्हणजे अ‍ॅमेनिटी लागते, आणि ती कमी पडली तर वाढ १५ टक्क्यांनी घटते. त्यामुळे एखादी लक्झरी (सुखसोय देणारी चैनीची वस्तू) आधीच जोडून ठेवा. मी स्वतः तोवर अशा अडलेल्या शहरातून एक सेटलर काढतो, म्हणजे एक नागरिक खर्चून नवे शहर वसवणारे पथक. लोकसंख्या ४ वर आल्यामुळे हाऊसिंगचे अंतर वाढते, गेलेला नागरिक लवकर भरून निघतो, आणि नवे शहर नदीकाठी वसवता येते.